लिअर राजा जपानच्या किल्ल्यात कसा पोहोचला?

गेल्या काही वर्षांत मराठी प्रेक्षकाला ऐतिहासिक सिनेमाची चांगलीच सवय झाली आहे. गड, तोफा, घोडदळ, तुताऱ्या सगळं पडद्यावर येतं आणि थिएटरबाहेर पडताना वाद ठरलेला असतो: हे असंच घडलं होतं का? बखरीत काय आहे, कागदपत्रांत काय आहे, दिग्दर्शकाने पदरचं काय घातलं? हा वाद जिवंतपणाचं लक्षण आहे, तो व्हायलाच हवा.

पण ऐतिहासिक सिनेमाचा आणखी एक प्रकार आहे आणि तिथे हा नेहमीचा प्रश्न अडखळतो. काळ सोळाव्या शतकाचा, देश जपान, किल्ले आणि चिलखतं त्या काळाला धरून, आणि गोष्ट मात्र चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या रंगभूमीसाठी लिहिलेली. मुंबईत १९६८ पासून काम करणाऱ्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांमुळे असे सिनेमे पाहणारा एक वर्ग इथे तयार झाला. आता ते घरबसल्याही पाहता येतात, त्यामुळे हा वर्ग वाढतोय आणि त्याच्याबरोबर गोंधळही वाढतोय. हा इतिहास आहे की नाटक? नाटक असेल तर त्यातले संवाद कुठे गेले? दुसऱ्याची गोष्ट उचलून आपले कपडे चढवले, यात मोठेपणा कसला?

प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं शोधताना मी मुख्यतः एकाच सिनेमाचा आधार घेणार आहे: जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा १९८५ सालचा ‘रान’ (या जपानी शब्दाचा अर्थ गोंधळ, बंडाळी). या प्रकारातलं याच्याहून मोठं काम मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याच्यापाशी जरा जास्त रेंगाळणार आहे.

शोकांतिका म्हणजे नुसता रडका शेवट नव्हे

एखाद्या सिनेमात शेवटी नायक मेला की आपण त्याला शोकांतिका म्हणून मोकळे होतो. रंगभूमीच्या परंपरेत या शब्दाचा अर्थ जरा नेमका आहे. माणूस मोठा असतो, हातात सत्ता किंवा मान असतो. तो एक निर्णय घेतो. तो निर्णय त्याच्या स्वभावातून आलेला असतो, कोणी फसवलं म्हणून किंवा दैव फिरलं म्हणून नव्हे. आणि एकदा घेतला की मागे फिरता येत नाही. त्याचे परिणाम त्याच्यापुरते राहत नाहीत, आजूबाजूची निरपराध माणसंही त्यात ओढली जातात. खलनायक असला तरी खरा घाव नायकाने स्वतःच्याच हाताने घातलेला असतो.

शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ हे साधारण १६०५-०६ मधलं नाटक. म्हातारा राजा राज्याची तीन मुलींत वाटणी करायला बसतो. अट एवढीच, की माझ्यावर तुमचं किती प्रेम आहे ते दरबारात सांगा. थोरल्या दोघी तोंडभरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, मला सांगण्यासारखं काही नाही. राजा तिला हाकलून देतो, तिची बाजू घेणाऱ्या विश्वासू सरदारालाही देशोधडीला लावतो. राज्य देऊन टाकलं तरी राजाचा मान आणि १०० सरदारांचा लवाजमा आपल्याकडे राहावा, अशी त्याची अपेक्षा असते. थोरल्या मुली तो लवाजमा आधी निम्मा करतात, मग चौथाई, मग विचारतात की एकही माणूस कशाला हवा. राजा वादळी रात्री माळावर भटकतो, त्याचं भान सुटतं. शेवटी कॉर्डेलिया परत येते, पण तिला फासावर चढवतात आणि तिचं प्रेत कवटाळून राजा प्राण सोडतो.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली मुंबईत रंगमंचावर आलं, त्यात डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले गणपतराव बेलवलकर म्हणजे लिअरचंच मराठी रूप. निवृत्त नट सगळं मुलांना देऊन टाकतो आणि मग त्यांच्याच घरात नकोसा होतो. शिरवाडकरांनी गोष्ट राजवाड्यातून काढून मध्यमवर्गीय घरात आणली. कुरोसावाने उलटी वाट धरली. त्याने गोष्ट राजवाड्यातच ठेवली, पण तो राजवाडा दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या काळाचा. ही वाट जास्त अवघड आहे, कारण इथे एका व्यवस्थेच्या जागी दुसरी अख्खी व्यवस्था उभी करावी लागते.

सामान हलतं, फडताळ हलत नाही

गिरगावातल्या किंवा लालबागच्या जुन्या चाळीतून नव्या टॉवरमध्ये बिऱ्हाड हलवलं असेल, तर हे पटकन लक्षात येईल. भांडी, ट्रंका, देव्हारा, शिवणयंत्र टेम्पोत चढतं. भिंतीतलं फडताळ मात्र चढत नाही. ते वस्तू वाटत असलं तरी भिंतीचाच भाग असतं. त्यात वर्षानुवर्षं बसवलेलं सामान नव्या घरात उघड्यावर येतं, आणि मग नवी भिंत पाहून, तिची जाडी-उंची पाहून, दुसरं काहीतरी बांधावं लागतं.

नाटकाचं तसंच आहे. पात्रं, प्रसंग, भांडणं, खून हे हलणारं सामान. पण ती गोष्ट ज्या कायद्यात, धर्मात आणि नात्यांच्या रिवाजात बसवलेली असते, ते भिंतीतलं फडताळ. वारसा कोणाला मिळतो? राजाला मारणं हे पाप आहे की रोजचा व्यवहार? मेल्यावर माणूस कुठे जातो? या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक समाजात वेगळी, आणि शोकांतिकेचं सगळं वजन त्या उत्तरांवरच पेललेलं असतं. नायकाची चूक जीवघेणी ठरते ती त्या समाजात तिला माफी नसते म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे, की असा सिनेमा जोखायचा तो या एका गोष्टीवर. दिग्दर्शकाने नुसते कपडे बदलले, की नव्या भूमीत ती चूक जीवघेणी ठरवणारं तिथलं खरं कारण शोधून काढलं?

मुलींचे मुलगे झाले, आणि मग बरंच काही झालं

‘रान’चा जन्म आधी लिअरमधून झालाच नाही. जपानमध्ये मोरी मोतोनारी या सोळाव्या शतकातल्या सरदाराची एक दंतकथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याने तीन मुलांना एकेक बाण मोडायला दिला, तो सहज मोडला. मग तीन बाण एकत्र दिले, ते मोडेनात. एकीचं बळ. आपल्याकडची काठ्यांच्या मोळीची गोष्ट तीच. मोतोनारीचे मुलगे एकोप्याने राहिले, अशी ख्याती आहे. कुरोसावाच्या मनात आलं, ते तसे नसते तर? या प्रश्नावर काम करता करता त्याला लिअर भेटला.

सिनेमात इचिमोंजी घराण्याचा सत्तरीतला प्रमुख हिदेतोरा तारो, जिरो आणि साबुरो या तीन मुलांना हीच गोष्ट सांगायला जातो. तीन बाण एकत्र करून हातात देतो. थोरल्या दोघांना ते मोडत नाहीत. धाकटा साबुरो ते गुडघ्यावर ठेवून काडकन मोडतो आणि बापाला तोंडावर सांगतो: तुम्ही आयुष्यभर रक्त सांडत आलात, आम्ही त्याच काळाची मुलं, आमच्याकडून निष्ठेची आशा कशी करता? नाटकातल्या कॉर्डेलियाचं गप्प राहणं इथे मोडलेल्या बाणांनी बोलतं. आणि बापाला तेच सहन होत नाही.

नाटकात तीन मुली आहेत, कारण तिथे मुलीकडे राज्य जाऊ शकतं. सोळाव्या शतकातल्या जपानी लढवय्या घराण्यात प्रदेश आणि किल्ले मुलींत वाटले गेले असते, तर पहिल्याच प्रसंगात सगळं खोटं वाटलं असतं. म्हणून मुलगे. पण या एका बदलाने नाटकाची अर्धी मांडणी हलते. मुलींची जागा रिकामी होते आणि तिथे सुना येतात. याच जागेत कुरोसावाने मूळ नाटकात नसलेली एक गोष्ट घातली: राजाचा भूतकाळ.

लिअर पूर्वी कसा राजा होता, हे नाटक जवळजवळ सांगतच नाही. कुरोसावाला ते खटकत होतं. एवढी सत्ता या माणसाने मिळवली कशी? हिदेतोराच्या बाबतीत उत्तर स्वच्छ आहे. शेजारची घराणी बुडवून. थोरली सून काएदे हिच्या माहेरची माणसं त्याने मारली, आणि ज्या किल्ल्यात ती आता सून म्हणून बसली आहे तो तिच्या बापाचा किल्ला. तिच्या आईने प्राण दिला तोही तिथेच. मधली सून सुए, तिचंही घराणं त्यानेच बेचिराख केलं. दोघी एकाच आगीतून वाचलेल्या. काएदे आयुष्यभर सूड जपते. सुए बुद्धाला शरण गेलेली, सासऱ्यावर तिचा राग नाही. हिदेतोराला काएदेपेक्षा सुएची भीती जास्त वाटते. तिच्या चेहऱ्यावर द्वेष दिसत नाही, हेच त्याला सोसत नाही.

आता एक प्रसंग जवळून पाहू. नाटकात ग्लॉस्टर नावाच्या म्हाताऱ्या सरदाराचे डोळे रंगमंचावर काढले जातात. ते कृत्य लिअरच्या जावयाचं, लिअरचा त्यात काही हात नाही. ‘रान’मध्ये आंधळा आहे सुएचा भाऊ त्सुरुमारू. जीवदानाच्या बदल्यात त्याचे डोळे काढले गेले आणि ते काढायला लावणारा खुद्द हिदेतोरा. भ्रमिष्ट झालेला हिदेतोरा वादळी रात्री विदूषक क्योआमी आणि एकनिष्ठ सरदार तांगो यांच्याबरोबर एका झोपडीत आसरा घेतो. आत लांब केसांचं कोणीतरी बसलंय. हळूहळू कळतं की हाच तो त्सुरुमारू. पाहुण्यांना द्यायला त्याच्याकडे काही नाही, म्हणून तो बासरी वाजवतो. त्या सुरांत एकाही शब्दाने आरोप नाही. हिदेतोरा ऐकत ऐकत मागे सरकत जातो, तोंड फिरवतो, भिंतीला भिडतो, आणि शेवटी ती पडकी भिंतही त्याला धरून ठेवत नाही.

आंधळेपणाचा प्रसंग नाटकातलाच. पण नाटकात लिअर म्हणतो की मी जेवढं पाप केलं त्याहून जास्त माझ्यावर पाप झालं. हिदेतोराला तसं म्हणायची सोयच उरलेली नाही. राज्य वाटण्याचा निर्णय ही त्याची शेवटची चूक. खरी चूक चाळीस-पन्नास वर्षं चालू होती.

१०० सरदारांच्या लवाजम्याचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. ‘रान’मध्ये भांडण पेटतं ते घराण्याच्या निशाणावरून. सत्ता मुलाकडे गेली, पण म्हाताऱ्याची माणसं निशाण सोडायला तयार नाहीत. काएदे नवऱ्याला टोचते: निशाण त्यांच्याकडे असेल तर प्रमुख कोण? मग बापाला खाली बसवून रक्ताचा ठसा असलेल्या प्रतिज्ञापत्रावर मान्यता घेतली जाते. लवाजमा कमी करण्यातला अपमान इंग्रज प्रेक्षकाला लगेच कळत होता. निशाण आणि रक्ताची सही यातला अपमान त्या जपानी समाजाचा आहे, आणि शिक्का-निशाणाच्या भांडणांचा इतिहास असलेल्या आपल्यालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

राजाला मारणं: कुठे महापाप, कुठे बढती

‘रान’च्या २८ वर्षं आधी, १९५७ साली, कुरोसावाने ‘मॅकबेथ’ असंच हलवलं होतं. बायकोच्या भरीला पडून राजाचा खून करणाऱ्या आणि गादी बळकावणाऱ्या सरदाराचं हे शेक्सपिअरचं नाटक. इंग्रजीत तो सिनेमा ‘थ्रोन ऑफ ब्लड’ म्हणून ओळखला जातो. तोशिरो मिफुने त्यात वाशिझू, म्हणजे मॅकबेथ.

शेक्सपिअरने ‘मॅकबेथ’ लिहिलं तेव्हा गादीवर जेम्स राजा होता, मूळचा स्कॉटलंडचा. राजा हा ईश्वराचा प्रतिनिधी, त्याला हात लावला तर निसर्गच बिघडतो, ही त्या काळची अधिकृत समजूत. म्हणून नाटकात खुनानंतर घोडे एकमेकांना खातात, दिवसा अंधार पडतो, आणि शेवटी हक्काचा वारस परत येऊन घडी बसवतो.

जपानच्या ज्या काळात कुरोसावा गोष्ट नेतो, तिथे असा हक्काचा वारस आणायचा कुठून? १४६७ साली क्योतोत यादवी सुरू झाली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं जपानमध्ये जो तो प्रदेश बळकावत होता. खालच्याने वरच्याला उलथवायचं आणि त्याची जागा घ्यायची, याला तिथे ‘गेकोकुजो’ असं नावच पडलं होतं. १५४३ मध्ये पोर्तुगिजांबरोबर बंदुका आल्या आणि ही उलथापालथ आणखी सोपी झाली. अशा काळात धन्याला मारणं हा अपवाद राहत नाही. वाशिझूची बायको असाजी नवऱ्याला पटवते ती याच युक्तिवादाने: आपला धनी तरी गादीवर कसा आला? स्वतःच्या धन्याला मारूनच ना?

म्हणूनच शेवटही बदलला. नाटकात मॅकबेथला मॅकडफ हा विरोधी सरदार मारतो, म्हणजे न्याय होतो. सिनेमात वाशिझूला त्याचेच सैनिक बाणांनी खिळून टाकतात. ज्या रीतीने तो वर आला तीच रीत त्याला खाली खेचते, आणि पुढे कोणी चांगला राजा येणार असल्याचं आश्वासन नाही. (त्या प्रसंगात खरे बाण सोडले होते. मिफुनेच्या चेहऱ्यावरची भीती पाहताना हे लक्षात असू द्या.)

वारशाचा मुद्दा इथेही कुरोसावाने बांधून घेतला आहे. नाटकात मॅकबेथला मूल नाही ही गोष्ट नुसती सुचवलेली आहे. सिनेमात निपुत्रिक वाशिझू मित्राच्या मुलाला वारस करायला निघतो आणि नेमकं तेव्हा असाजी सांगते की मला दिवस गेलेत. त्या एका वाक्याने मित्राचा खून अटळ होतो. मग मूल मेलेलंच जन्माला येतं.

‘शेक्सपिअरच्या ओळीच नाहीत, मग तो शेक्सपिअर कसा?’

हा सर्वांत जड आक्षेप. शेक्सपिअरची थोरवी त्याच्या काव्यात आहे, आणि कुरोसावाच्या सिनेमांत त्या ओळी औषधालाही सापडत नाहीत.

खरं आहे. पण त्या ओळी रंगमंचावर काय काम करत होत्या, ते पाहायला हवं. शेक्सपिअरच्या काळात नाटकं बरीचशी दिवसाउजेडी, उघड्या रंगमंचावर, जवळजवळ नेपथ्याशिवाय होत. रात्र, वादळ, भीती सगळं शब्दांनीच उभं करायला लागे. सिनेमात रात्र दाखवता येते. म्हणून शब्दांचं काम दुसऱ्याकडे द्यावं लागतं, नाहीतर एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. शेक्सपिअरच्या कितीतरी भरजरी चित्रपटांचं तिथेच ओझं होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कुरोसावाने ते काम जपानच्या नो या जुन्या नाट्यप्रकाराकडे दिलं. नो म्हणजे मुखवटे, अत्यंत संथ हालचाली, गायन आणि ढोल यांवर उभं असलेलं, शेकडो वर्षं जपलेलं नाटक. असाजीचा चेहरा सिनेमाभर मुखवट्यासारखा निश्चल आहे. खुनाच्या रात्री पहारेकऱ्यांना पाजायची गुंगीची दारू आणायला ती उठते. समोर काळोखाने भरलेलं दार. ती त्यात शिरते आणि दिसेनाशी होते. पडद्यावर फक्त काळोख. काही क्षणांनी हातात दारूचं भांडं घेऊन ती त्याच काळोखातून बाहेर येते. या सगळ्या वेळात ऐकू येते ती तिच्या रेशमी वस्त्राची सळसळ. लेडी मॅकबेथ रात्रीला आणि दुष्ट शक्तींना हाक मारते ते नाटकातलं स्वगत प्रसिद्ध आहे. इथे बाई काळोखात जाऊन आली एवढंच दिसतं, आणि त्या स्वगताची उणीव मला तरी भासत नाही.

‘रान’मधला तिसऱ्या किल्ल्यावरचा हल्लाही असाच. हजारो बाण, गोळ्या, आग, रक्त, आणि आवाज मात्र बंद. फक्त तोरु ताकेमित्सुचं संगीत. किंकाळ्या नाहीत, टापा नाहीत, जणू कुणी फार वरून खाली पाहतंय. मग एकच बंदुकीचा बार होतो, तारो घोड्यावरून पडतो, आणि लढाईचा सगळा आवाज एकदम अंगावर येतो. तो बार त्याच्या सख्ख्या भावाच्या माणसाने झाडलेला असतो. यानंतर जळत्या किल्ल्याच्या पायऱ्या उतरत हिदेतोरा बाहेर येतो आणि दोन्ही सैन्यं त्याला वाट देतात. तो किल्ला फुजी पर्वताच्या उतारावर खास बांधला होता आणि खरोखर पेटवला होता. हिदेतोराचं काम करणारे तात्सुया नाकादाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. नोच्या मुखवट्यासारख्या रंगभूषेने त्यांचा म्हातारा हिदेतोरा केला होता.

रंगांचं कामही सांगायला हवं. तारोची निशाणं पिवळी, जिरोची लाल, साबुरोची निळी. माळावर हजार माणसं धावत असली तरी कोण कुणाचं, हे क्षणभरही कोड्यात राहत नाही. एमी वादा यांनी हे पोशाख हाताने विणून-रंगवून घेतले, त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. पैसे जमत नव्हते त्या वर्षांत कुरोसावा या सिनेमाची दृश्यं रंगांत चितारत बसला होता. अखेर सर्ज सिल्बरमान या फ्रान्समधल्या निर्मात्यामुळे पंचाहत्तरीत त्याचा सिनेमा पूर्ण झाला.

‘आपल्या गोष्टी काय कमी आहेत?’

हा आक्षेप मुंबईत हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शेक्सपिअर आपल्याकडे इंग्रजांच्या राज्याबरोबर आणि परीक्षेच्या पुस्तकांतून आला. त्याच्याबरोबर एक उतरंडही आली, की त्यांचं ते नाटक आणि आपलं ते तमाशा-खेळ. ती उतरंड अन्यायाची होती, याबद्दल शंका नको.

पण पुढे काय झालं तेही पाहा. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाट्यगृह उभं राहिलं आणि त्या परिसरात पारशी नाटक मंडळ्या फोफावल्या. त्यांनी हॅम्लेटचं ‘खून-ए-नाहक’ केलं, त्यात गाणी घातली, उर्दू संवाद घातले. मुंबईचे सोहराब मोदी तेच १९३५ मध्ये ‘खून का खून’ म्हणून पडद्यावर घेऊन आले. मराठीत आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटवरून ‘विकारविलसित’ लिहिलं, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. प्रेक्षकांनी ती नाटकं आपली म्हणूनच पाहिली. २००३ चा ‘मक्बूल’ तर मॅकबेथला थेट मुंबईच्या गुन्हेगारी जगात घेऊन आला.

आणि शेक्सपिअरची तरी कुठली गोष्ट स्वतःची होती? लिअर आणि मॅकबेथ त्याने हॉलिनशेडच्या इतिहासग्रंथातून घेतले. लिअरवर तर त्याच्या आधीच एक नाटक होतं. ऑथेल्लो इटालियन कथेतून आला, हॅम्लेट डेन्मार्कच्या दंतकथेतून. त्याच्याच देशात लिअरचा शेवट लोकांना सोसवला नाही. १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या कवीने कॉर्डेलियाला जिवंत ठेवून तिचं लग्न लावून दिलं, आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडेकशे वर्षं तोच गोड शेवट चालला. तेव्हा कोणती गोष्ट कोणाची, या हिशेबात फारसं हाताला लागत नाही. ती नव्या जागी उभी राहते का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

प्रत्येक वेळी ती उभी राहतेच असं नाही. फंग श्याओगांगचा २००६ सालचा ‘द बॅन्क्वेट’ हॅम्लेटला दहाव्या शतकातल्या चीनच्या धामधुमीत नेतो. डोळ्यांना मेजवानी आहे. पण हॅम्लेटचा जीव त्याच्या संशयात, निर्णयापाशी थबकण्यात आहे. इथे जो तो सिंहासनाकडे इतका सरळ निघालेला आहे की थबकायला कुणाला कारणच उरत नाही. सामान सगळं पोहोचलं, ते ठेवायला जागा केली नाही.

‘हा इतिहासाशी खेळ नाही का?’

इचिमोंजी हे घराणं कधी अस्तित्वात नव्हतं. हिदेतोरा कल्पित आहे. कुरोसावाने मोरी मोतोनारीच्या दंतकथेतून बाण घेतले, पण मोतोनारीच्या तोंडी आपले शब्द घातले नाहीत. काळ खरा, चिलखतं खरी, राजकारणाची रीत खरी, माणसं कल्पित. त्यामुळे कोणाच्या पूर्वजांवर आळ येत नाही आणि लेखकाला नायकाची चूक पुरती उघडी करता येते.

हे मला आपल्यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. आपला ऐतिहासिक सिनेमा बहुतेक वेळा वंदनीय व्यक्तींचा असतो. तिथे शोकांतिकेचा मूळ आधार, म्हणजे नायकाच्या स्वभावातून आलेली चूक, आपण मान्यच करू शकत नाही. मग पराभव झाला तरी तो फितुराने होतो, नायक अखेरपर्यंत निर्दोष राहतो. अशा सिनेमाला त्याची जागा आहे, लोकांना त्यातून बळ मिळतं. पण दुसरा प्रकारही मराठीत व्हायला हवा, आणि त्याला लागणारी माती आपल्याकडे भरपूर आहे. नाटककारांनी ती वापरलीही. खाडिलकरांचं ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ वाचताना हॅम्लेटची खिन्नता आणि ‘ऑथेल्लो’तल्या खलनायक इयागोची कारस्थानं दोन्ही ओळखू येतात, आणि तरीही ते शनिवारवाड्यातलंच नाटक राहतं.

समजा कुणी लिअर दख्खनेत आणायचा म्हटलं, तर तलवारीपेक्षा वतनाकडे आधी पाहावं लागेल. वतन म्हणजे पाटीलकी-देशमुखीसारखा वंशपरंपरेचा हक्क. तो साधारणपणे मुलांकडे, मूल नसेल तर दत्तकाकडे जायचा. पण वतनात जमीन आणि उत्पन्न एवढंच नसे. मानपान असे. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीची पहिली पोळी कोणाची, शिक्का कोणाकडे. जमीन वाटता येते, पहिला मान कसा वाटणार? वडीलकी कोणाची, यावरून भाऊबंदांची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालल्याचे कागद आपल्या दप्तरांत आहेत. एखादा कल्पित म्हातारा देशमुख जमीन तीन मुलांत वाटतो आणि मान मात्र स्वतःकडे ठेवू पाहतो, एवढं मांडलं की लिअर इथला झाला. वादळ आणायला मावळातला आषाढ आहेच.

‘एवढा काळा शेवट कशासाठी?’

‘रान’मध्ये बाप-लेकाची भेट होते, समेट होतो, आणि दोघं एकाच घोड्यावरून जात असताना बापाच्या पुढ्यात साबुरोला गोळी लागते. हिदेतोरा त्याच्या अंगावर कोसळून मरतो. नाटकात ग्लॉस्टर म्हणतो की पोरं जशी माश्या मारतात तसे देव आपल्याला खेळ म्हणून मारतात. सिनेमात क्योआमी आकाशाकडे पाहून देवांना शिव्या घालतो, तेव्हा तांगो त्याला थांबवतो: देवांना दोष देऊ नकोस, ते रडताहेत, माणसं एकमेकांना मारताहेत हे त्यांना थांबवता येत नाही. नाटकातला देव क्रूर असण्याची शक्यता आहे. इथला देव हतबल आहे. लिअर जपानला गेला तेव्हा कपड्यांबरोबर आकाशही बदललं, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

हे सिनेमे पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी ‘थ्रोन ऑफ ब्लड’पासून सुरुवात करावी. तो पावणेदोन तासांच्या आसपास आहे आणि गोष्ट सुटसुटीत आहे. ‘रान’ पावणेतीन तासांच्या आसपास जातो, त्यामुळे रात्री उशिरा सुरू करू नये, आणि मोबाईलवर तर मुळीच पाहू नये, कारण निशाणांचे रंग आणि दूरवरची माणसं तिथे हरवतात. आधी लिअर अख्खं वाचायची गरज नाही. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणला आहे, त्यातला वाटणीचा पहिला प्रवेश तेवढा वाचून घ्या, आणि सिनेमा पाहताना सुएकडे लक्ष ठेवा. तिला संवाद थोडे आहेत, त्यामुळे पहिल्या वेळी ती सहज नजरेतून निसटते.